भंगारातलं विमान आणि नकलेची शाळा

आपल्याकडे जपानचा विषय निघाला की दोनपैकी एक वाक्य हमखास ऐकू येतं. पहिलं, "काय शिस्त असते बुवा त्यांची!" आणि दुसरं, "पण मूळचं त्यांचं काही नाही हो, सगळी नक्कल." पहिल्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन (आमच्या लॅबमधल्या शेजारच्या टेबलाचा फोटो टाकला की शिस्तीचा विषय आपोआप मिटेल). आज दुसऱ्याबद्दल लिहायचं आहे.

माझा विषय घर्षण आणि वंगण. म्हणजे दोन धातू एकमेकांवर घासले की काय होतं, याचा अभ्यास. याच विषयात मी इथे पीएच.डी. केली आणि आता त्यावरच पोट भरतो. पिस्टन रिंगांचा इतिहास शोधताना मी एका अशा गाडीपाशी येऊन पोचलो, जिच्यात स्वतःचं म्हणावं असं फारच थोडं होतं. चौकट अमेरिकन, इंजिनही अमेरिकन, आणि तेही विमानातून काढलेलं. तरीही जपानच्या मोटार इतिहासात तिला मानाचं पान आहे. त्या गाडीचं नाव कर्टिस.

गोष्ट सुरू होते एका लोहाराच्या घरात. गिहेई होंडा हे शिझुओका प्रांतातल्या कोम्यो नावाच्या खेड्यातले लोहार. पुढे ते सायकली दुरुस्त करायला लागले. १७ नोव्हेंबर १९०६ ला त्यांना मुलगा झाला, तो सोइचिरो. हाच पुढे होंडा कंपनीचा संस्थापक झाला, हे वेगळं सांगायला नको. हा मुलगा दहा वर्षांचा असताना आर्ट स्मिथ नावाचा अमेरिकन वैमानिक हामामात्सुच्या कवायतीच्या मैदानावर कसरती दाखवायला आला होता. पोराने बापाची सायकल पळवली आणि सुमारे वीस किलोमीटर पायडल मारत मैदान गाठलं. तिकिटाला पैसे नव्हते, मग पाइनच्या झाडावर चढून त्याने सगळा खेळ पाहिला. विमानाचं वेड तेव्हापासूनचं.

१९२२ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, तो टोकियोतल्या होंगो भागातल्या आर्ट शोकाई नावाच्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारीला लागला. सायकलींच्या मासिकात त्या दुकानाची जाहिरात पाहून त्याने "मला शिकायला घ्या" असं पत्र पाठवलं होतं. पहिले काही महिने हातात पाना आलाच नाही. मालकाचं तान्हं बाळ पाठीला बांधून फिरवायचं आणि दुकान झाडायचं, एवढंच काम. आपल्याकडच्या गॅरेजमधला "छोटू" डोळ्यासमोर आणा, चित्र फारसं वेगळं नाही.

मालकाचं नाव युझो साकाकिबारा. हा माणूस नुसता दुरुस्ती करणारा नव्हता, त्याला शर्यतींचा नाद होता. अमेरिकेहून परतलेल्या गुन्जी फुजिमोतो या गृहस्थाने १९२२ पासून जपानात मोटारींच्या शर्यती भरवायला सुरुवात केली होती. धावपट्टी वगैरे काही नव्हतीच. समुद्रात भराव घालून केलेली जमीन, लष्कराचं मैदान, जिथे मोकळी जागा मिळेल तिथे शर्यत. साकाकिबाराने आधी डेमलरच्या भागांवर एक गाडी उभी केली आणि त्यानंतर कर्टिस हातात घेतली.

मध्ये एक मोठी घटना घडली. १ सप्टेंबर १९२३ ला कान्तोचा महाभूकंप झाला आणि पाठोपाठच्या आगीत निम्मं टोकियो जळालं. आर्ट शोकाईही गेली. दुकान कांदा स्टेशनजवळ रेल्वेच्या पुलाखालच्या कमानीत हलवलं गेलं आणि तिथे जळालेल्या गाड्या पुन्हा चालत्या करण्याचं काम सुरू झालं. त्या काळी बऱ्याच गाड्यांच्या चाकांचे आरे लाकडाचे असत, त्यामुळे आगीत चाकंच नाहीशी झालेली. नवे आरे अमेरिकेतून कधी येणार? मग ते हाताने तासायचे. सोइचिरोचा हात या कामावर बसला तो असा.

कर्टिस याच काळातली. रात्री दुकानाचं काम संपलं की मालक, मालकाचा भाऊ शिनइची आणि दोनचार पोरं या गाडीला भिडत. चौकट घेतली मिचेल या अमेरिकन गाडीची. इंजिन कर्टिस ओएक्स-५. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने वैमानिकांना शिकवायला "जेनी" नावाची विमानं हजारोंनी बांधली, त्यातलं हे इंजिन. युद्ध संपल्यावर ती जगभर भंगाराच्या भावात विकली गेली. आठ सिलिंडर, व्ही आकारात, सुमारे ८.२ लिटर आणि ९० अश्वशक्ती. आजच्या एखाद्या छोट्या हॅचबॅकची ताकद साधारण एवढीच असते, आणि तिचं इंजिन याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याचं!

आता इथे जरा थांबतो, कारण हा माझ्या आवडीचा भाग आहे. विमानाचं इंजिन गाडीत बसवणं म्हणजे बैल काढून घोडा जुंपण्यासारखं वाटतं, पण घोळ पुष्कळ आहेत. हे इंजिन मिनिटाला १४०० फेऱ्यांवर पंखा फिरवायला बनवलेलं. विमानात ते एकदा सुरू झालं की त्याच वेगाने तास-दोन तास फिरत राहतं. गाडीला मात्र थांबायचं असतं, वळायचं असतं, पुन्हा उसळायचं असतं. म्हणजे मध्ये क्लच हवा, गिअर हवेत, आणि १४०० फेऱ्यांत चाकांना पुरेसा वेग मिळेल असं प्रमाण जुळवायला हवं. विमानात पंखाच समोरून वारा फेकतो, त्यामुळे रेडिएटरला ऐती हवा मिळते. गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभी असताना ती कुठून मिळणार? आणि सगळ्यात गमतीचं म्हणजे या इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्या आणि रॉकर उघड्यावर असत. त्यांना तेल आपोआप पोचत नसे, दर थोड्या तासांनी कुणीतरी हाताने वंगण घालायचं. विमानात ते जमिनीवर उतरल्यावर करता येतं. मातीच्या मैदानावर धुरळा खात पळणाऱ्या गाडीत उघड्या रॉकरवर वंगण घातलं की दहा मिनिटांत त्याचा सँडपेपर होतो. या मंडळींनी त्यावर काय काय केलं असेल याची कल्पना करत मी एक अख्खा रविवार घालवला आहे.

सोइचिरोच्या वाट्याला सुटे भाग बनवायचं काम आलं. चाकांचे लाकडी आरे त्यानेच तासले. २३ नोव्हेंबर १९२४ ला योकोहामाजवळ त्सुरुमी इथे पाचवी जपान मोटार शर्यत झाली. चालवायला शिनइची साकाकिबारा, आणि शेजारच्या जागेवर मेकॅनिक म्हणून नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झालेला सोइचिरो होंडा. त्या काळी मेकॅनिकला गाडीत बसावंच लागे: दाब बघायचा, मागून कोण येतंय ते सांगायचं, वळणावर बाहेर झुकून वजन टाकायचं. कर्टिस पहिल्याच शर्यतीत जिंकली. मूळ गाडी आजही होंडाच्या मोतेगी इथल्या संग्रहालयात आहे.

बघा, या गाडीला "जपानी" का म्हणायचं? तुकडे सगळे परदेशी. पण ते तुकडे एकमेकांना ज्या ठिकाणी जोडले होते, ते प्रत्येक ठिकाण कांदाच्या पुलाखाली शोधलेलं होतं. विमानाच्या इंजिनाचा बूड गाडीच्या चौकटीवर कसा बसवायचा याचं पुस्तक नव्हतं. बनवणाऱ्यांना ज्ञान मिळालं ते या सांध्यांमध्ये.

१९२८ मध्ये साकाकिबाराने होंडाला हामामात्सुमध्ये आर्ट शोकाईची शाखा काढू दिली. याला इथे "नोरेन-वाके" म्हणतात. दुकानाच्या दारावरचा कापडी पडदा म्हणजे नोरेन, तो विश्वासू शिष्याला वाटून द्यायचा. तिथे होंडाने जळणाऱ्या लाकडी आऱ्यांवर उपाय म्हणून ओतीव लोखंडाचे आरे बनवले आणि त्यांचं पेटंट घेतलं. ते आरे पार भारतापर्यंत निर्यात झाले, असं त्याने आपल्या आठवणींत सांगितलं आहे. म्हणजे कुणा पणजोबांच्या गाडीखाली होंडाची चाकं फिरलीही असतील.

आणि शर्यतीचं वेड? ते कुठे जाणार. १९३६ मध्ये टोकियोशेजारी कावासाकीच्या बाजूला तामा नदीच्या पात्रालगत तामागावा स्पीडवे तयार झाला, सुमारे १.२ किलोमीटरचा अंडाकृती मार्ग. ७ जून १९३६ ला तिथे पहिली शर्यत झाली. होंडाने फोर्डच्या भागांवर स्वतः बांधलेली "हामामात्सु" ही गाडी आणली, शेजारी मेकॅनिक म्हणून धाकटा भाऊ बेंजिरो. शर्यतीत दुरुस्तीच्या जागेतून बाहेर पडणारी एक गाडी त्यांच्या वाटेत आली, धडक झाली, हामामात्सु हवेत उलटली आणि दोघं भाऊ बाहेर फेकले गेले. दोघांनाही जबर दुखापती झाल्या. बेंजिरोचा तर पाठीचा कणा जायबंदी झाला. होंडाची स्वतःची शर्यत चालवण्याची हौस त्यानंतर फार टिकली नाही.

त्याच दिवशी छोट्या देशी गाड्यांच्या गटात आणखी एक गंमत झाली. निस्सानचा भलामोठा कारखाना डॅटसन गाड्या घेऊन आला होता, आणि त्यांना हरवलं ओहता नावाच्या टोकियोतल्या एका छोट्या कारखान्याच्या गाडीने. निस्सानचे प्रमुख योशिसुके आयकावा चांगलेच संतापले आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या शर्यतीसाठी कारखान्याने सुपरचार्जर लावलेल्या खास गाड्या बनवल्या. त्या स्पीडवेच्या सिमेंटच्या प्रेक्षकपायऱ्या नदीकाठी कितीतरी वर्षं उभ्या होत्या. पोरं तिथे बेसबॉल पाहत बसायची. २०२१ मध्ये पुराचा बांध मजबूत करायच्या कामात त्या पाडल्या गेल्या.

अपघातानंतर होंडा वळला पिस्टन रिंगांकडे, आणि इथे मी घरच्या मैदानावर आलो. पिस्टन रिंग म्हणजे पिस्टनभोवतीचं एक तुटकं कडं. दिसायला बांगडीसारखं आणि क्षुल्लक. पण ते सिलिंडरच्या भिंतीला चहूबाजूंनी सारख्या दाबाने टेकलं पाहिजे. जास्त कडक झालं तर भिंत ओरबाडतं, जास्त मऊ झालं तर स्वतः झिजतं. होंडाने दुसऱ्यांच्या रिंगा पाहून तशाच ओतल्या. त्या दिसायला हुबेहूब होत्या आणि कामाला शून्य. महिनोन्महिने भट्टीशेजारी झोपून काही जमेना, तेव्हा तो हामामात्सुच्या उच्च तंत्रविद्यालयातल्या एका प्राध्यापकाकडे रिंग घेऊन गेला. त्यांनी तपासून सांगितलं की यात सिलिकॉन कमी आहे.

एवढंच? हो, एवढंच. ओतीव लोखंडात कार्बन असतो. सिलिकॉन पुरेसं असेल तर तो कार्बन ग्राफाइटच्या पातळ पाकळ्या होऊन बसतो. ग्राफाइट स्वतःच वंगण, शिवाय पाकळ्यांच्या खाचांत तेलही टिकतं. सिलिकॉन कमी असेल आणि रिंगेसारखी बारीक वस्तू भराभर थंड झाली, तर तोच कार्बन लोखंडाशी संयोग पावतो आणि काचेसारखा कडक, ठिसूळ माल तयार होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच. हुबेहूब नक्कल करूनही रिंग का चालत नव्हती, ते यावरून कळतं: आकार नकलता येतो, आतली घडण दिसतच नाही.

तिशीतला हा कारखानदार मग त्याच विद्यालयात पोरांच्या शेजारी वर्गात जाऊन बसला. त्याला हवं तेवढंच ऐकायचा, परीक्षा द्यायचा नाही, शेवटी नाव काढलं गेलं. त्याला फरक पडला नाही. १९३७ च्या अखेरीस रिंगा जमल्या. मग टोयोटाकडे तपासणीला पन्नास पाठवल्या, त्यातल्या तीन पास झाल्या! पुन्हा भट्टी, पुन्हा देशभरचे कारखाने पालथे घालणं. पुढे मात्र त्याची तोकाई सेइकी ही कंपनी टोयोटाला नियमित रिंगा पुरवू लागली.

आणि त्या रिंगा जात होत्या कुठल्या इंजिनात? नकलेच्याच. टोयोटाची पहिली कथा होंडाच्या कथेला इथे येऊन मिळते, म्हणून ती थोडक्यात.

साकिची तोयोदा यांचा स्वयंचलित माग इतका सरस होता की १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने घेतले. मँचेस्टरजवळच्या कंपनीने जपानी माग विकत घेतला, हे सोलापूर-इचलकरंजीच्या वाचकांनी जरा चवीने वाचावं. त्यांचा मुलगा किइचिरो. त्याने मागांच्या कारखान्याच्या एका कोपऱ्यात मोटारींचा उद्योग सुरू केला. पद्धत उघड आणि निःसंकोच होती: शेवरलेचं सहा सिलिंडरचं इंजिन सुटं करून त्याबरहुकूम इंजिन ओतायचं, गाडीचा आकार क्रायस्लरच्या डीसोटो एअरफ्लोवरून घ्यायचा, आणि इतर भागही फोर्ड-शेवरले बघून करायचे.

ओतकामाने त्यांचा घाम काढला. सिलिंडर ब्लॉकमध्ये पाणी फिरायला पोकळ वाटा लागतात. त्यासाठी साच्यात तेलात मळून भाजलेल्या वाळूचे कोअर ठेवतात. शिरोलीच्या फाउंड्रीतल्या कुठल्याही कारागिराला हे सांगायची गरज नाही. मागाचे भाग ओतणाऱ्यांना मात्र हे नवं होतं. कोअर फुटायचे, हवा अडकायची, ब्लॉक भेगाळायचे. शेकडो ब्लॉक भंगारात गेले. सप्टेंबर १९३४ मध्ये इंजिन एकदाचं चालू झालं, तर अस्सल शेवरले ६० अश्वशक्ती देत असताना या नकलेची मजल जेमतेम पन्नासपर्यंत. मग सिलिंडरच्या डोक्याचा, म्हणजे हेडचा, आतला आकार बदलून पाहिला आणि ताकद साठीच्या पुढे गेली, मुळापेक्षा जास्त! माझ्या मते टोयोटाचा जन्म त्या दिवशी झाला. कंपनीची नोंदणी नंतरची, १९३७ ची.

आता आपल्याकडे वळतो. नाहीतर "तिकडचंच कौतुक करतोस" अशी मेल येईल.

आपल्याकडे असे लोक नव्हते काय? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं होतं, गिहेई होंडांच्या कितीतरी आधी. परदेशी नांगर पाहून त्यांनी लोखंडी नांगर ओतला. लोखंडाने जमिनीत विष उतरतं म्हणून शेतकरी तो घेईनात, आणि पहिले काही नांगर विकायला दोन वर्षं लागली. तरी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ पासून "मीरा" नावाची छोटी मोटार स्वतः घडवली, पुन्हा पुन्हा सुधारून तिची एकामागून एक रूपं केली. ती बाजारात कधी आलीच नाही. आणि १९४४ मध्ये वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना घातला.

फरक कुठे पडला याबद्दल माझं एक मत आहे, पटलं नाही तर जरूर भांडा. आपल्या मोठ्या कारखान्यांनी परदेशी कंपनीशी करार केला, आधी क्रायस्लर, मग फियाट. कराराबरोबर नकाशे आले, मापं आली, धातूचं प्रमाण आलं. नकाशात सिलिकॉनचा आकडा लिहिलेला असला, की तो चुकला तर काय होतं हे शोधायची गरज कुणाला पडत नाही. त्यावर परवाना, कोटा आणि बंद बाजार. त्यामुळे तीच गाडी वर्षानुवर्षं तशीच विकली जात राहिली. कुर्ल्याच्या कामगारांच्या हातात कौशल्य कमी होतं असं मी म्हणत नाही. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी आणि त्यांच्या मेकॅनिकांनी पद्मिनीवर जे प्रयोग केले त्यावर दोन पीएच.डी. व्हाव्यात. पण ते ज्ञान फुटपाथवर राहिलं, कारखान्याच्या ड्रॉइंग बोर्डापर्यंत त्याला कुणी बोलावलं नाही. जपानात निस्साननेसुद्धा १९५० च्या दशकात इंग्लंडच्या ऑस्टिनशी करार केला होता, म्हणजे करार हा काही गुन्हा नव्हे. पण त्यांच्याकडे तोवर तामागावाची पिढी होती, जिने आपल्या हाताने बांधलेल्या गाड्या एकमेकींशी भिडवल्या होत्या.

असो. नक्कल करून शिकण्याची ही चाल इथे अजून जिवंत आहे, आणि ती घरोघरच्या शेडमध्ये आहे. माझे एक सेम्पाई (म्हणजे लॅबमधले ज्येष्ठ, इथे ते नातं निवृत्तीनंतरही संपत नाही) घरामागच्या शेडमध्ये गेली चार वर्षं लोटस सेव्हनची प्रतिकृती बांधत आहेत. सेव्हन निवडण्यामागे कारण आहे. लोटसच्या कॉलिन चॅपमनने आपली पहिली गाडी १९४८ मध्ये लंडनमध्ये प्रेयसीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात, जुन्या ऑस्टिन सेव्हनवर बांधली. १९५७ ची सेव्हन तर सुट्या भागांच्या संचात मिळायची, कारण संच घेतला की इंग्लंडमध्ये खरेदीकर वाचायचा. रविवारी शर्यतीत पळवायची आणि सोमवारी तीच घेऊन कामावर जायचं, अशी ही गाडी. जगात सर्वाधिक नकला झालेल्या गाड्यांपैकी ती एक असावी.

इथे तोयामा शहरात मित्सुओका नावाची कंपनी आहे. तिने १९८० च्या दशकात फोक्सवॅगन बीटलच्या चौकटीवर मर्सिडीजच्या जुन्या एसएसके या शर्यतीच्या गाडीची प्रतिकृती विकायला सुरुवात केली. मग तिने सेव्हनच्या वळणाची "झीरो-१" ही गाडी काढली आणि १९९६ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळवली. त्या मान्यतेमुळे ती जपानची दहावी मोटार उत्पादक कंपनी ठरली. होंडा, टोयोटा, निस्सानच्या पंगतीत नकलेच्या पाटावर बसलेला दहावा!

सेम्पाईंना मान्यताबिन्यता नको आहे, गाडी फक्त सर्किटवर चालवायची आहे. त्यांनी मला पुढच्या चाकाच्या बेअरिंगबद्दल विचारायला बोलावलं होतं. भिंतीशी ॲल्युमिनियमचे तीन मडगार्ड उभे करून ठेवले होते, तिन्ही वाकडे. मी विचारलं, हे टाकत का नाही? म्हणाले, "पहिल्यात पत्रा कुठे ताणला गेला ते दिसतं, दुसऱ्यात तापवायला कुठे उशीर झाला ते दिसतं. तिसऱ्यात काय चुकलं ते अजून कळलं नाही, म्हणून ठेवलाय." आयुष्यभर त्यांनी संगणकावर पत्र्याचे ताण काढले. हातोडी साठीनंतर हातात घेतली.

प्रतिकृती बनवणं किती अवघड असतं याचा सर्वात मोठा धडा मात्र खुद्द टोयोटाला मिळाला. एअरफ्लोवरून बनवलेली त्यांची पहिली मोटार, मॉडेल एए, १९३६ ते १९४३ दरम्यान १,४०४ बनली. युद्धात आणि नंतरच्या भंगारात सगळ्या संपल्या. १९८७ मध्ये कंपनीला ५० वर्षं झाली तेव्हा दाखवायला एकही एए उरलेली नव्हती. म्हणून टोयोटाने जुन्या कागदपत्रांवरून स्वतःच्याच पहिल्या गाडीची प्रतिकृती बांधून घेतली.

आणि मग २००८ मध्ये रशियातल्या व्लादिवोस्तोक भागात खरी एए सापडली! कित्येक वर्षं ती तिथल्या शेतावर राबत होती. सैबेरियाच्या थंडीत चालू ठेवण्यासाठी मिळेल तो भाग लावून तिचं पार रूप बदललं होतं. हेगच्या लाउमन संग्रहालयाने ती विकत घेतली आणि न रंगवता, न घासता, सापडली तशीच मांडली. गंज, पोचे, ठिगळं सगळं जागच्या जागी. मूळ गाड्यांचे पत्रे हातोडीने ठोकून आकाराला आणलेले असत, त्यामुळे तेव्हाही कुठलीच एए दुसरीसारखी तंतोतंत नसणार. कागदावरून ती पुन्हा कशी काढणार?

टोयोटाची पहिली शर्यतीची गाडी, १९५१ ची टोयोपेट रेसर, हिचंही असंच. प्रवासी गाडीच्या चौकटीवर, ९९५ घनसेंटिमीटर आणि २७ अश्वशक्तीचं इंजिन ठेवून बांधलेली. किइचिरो तोयोदा त्या वेळी कंपनीच्या अध्यक्षपदावरून पायउतार झालेला होता, आणि २७ मार्च १९५२ ला तो गेला. पण शेवटच्या काळात त्याने लिहून ठेवलं होतं की गाडी किती टिकते आणि किती पळते हे शर्यतीत उतरवल्याशिवाय कळणार नाही, देशी गाड्यांना शर्यत हवीच. मूळ गाड्या उरल्या नाहीत. म्हणून टोयोटाच्या मंडळींनी अलीकडे ही रेसर पुन्हा बांधली आणि ती ऑक्टोबर २०२२ मध्ये उघडलेल्या फुजी मोटरस्पोर्ट्स म्युझियममध्ये ठेवली. मी तिच्यापुढे बराच वेळ उभा होतो. २७ अश्वशक्ती म्हणजे आपल्या सुरुवातीच्या मारुती ८०० पेक्षाही कमी. तिच्यासमोर उभं राहून लोक पुढच्या दालनातल्या ल मॉंच्या गाड्यांकडे घाईने निघून जातात.

कोणी इकडे येणार असेल तर सांगतो. एएची प्रतिकृती नागाकुतेच्या टोयोटा ऑटोमोबाइल म्युझियममध्ये आहे. नागोयाहून भुयारी रेल्वेने फुजिगाओका गाठायचं, तिथे लिनिमो पकडायची (चुंबकावर तरंगणारी गाडी आहे ही, तिच्यावर वेगळा लेख लिहायचाय) आणि गेइदाइदोरीला उतरायचं. तिथून चालत पाच मिनिटं. कर्टिससाठी मोतेगीला जावं लागेल. तिथे सोयीची रेल्वे नाही, उत्सुनोमियाहून बस आहे पण फेऱ्या थोड्या. आधी विचारा, मला रविवारी वेळ असतो. आणि कर्टिस पाहायला गेलात तर चाकांच्या आऱ्यांकडे जरा वाकून बघा.